वॉर्ड एक, वर्ग वेगळे

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी अशा अनेक शाखांच्या पदव्या हे एकच विद्यापीठ देतं. तरी या शाखांची मुलं एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटतात ती थेट वॉर्डात, ड्यूटीवर आणि घाईत. पुढे ज्यांना एकत्र काम करायचं आहे त्यांनी काही काळ एकत्र शिकावं, असं जागतिक आरोग्य संघटना १९८८ पासून सांगते आहे. २०१० साली संघटनेने त्याचा आराखडाही दिला. कल्पना सरळ आहे : वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकायचं.

आपल्या महाविद्यालयांत हे आणावं का? या प्रश्नाच्या दोन्ही बाजू वजनदार आहेत, म्हणून त्या इथे समोरासमोर बसवल्या आहेत. एक बाजू मांडतात शल्यचिकित्सेचे ज्येष्ठ प्राध्यापक, दुसरी नर्सिंग महाविद्यालयातल्या ट्यूटर. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र खरे आहेत.

ट्यूटर : सर, आधी एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. साठीतले शेतकरी. सकाळी उठले तर उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय. आधी जिल्हा रुग्णालय, तिथून आपल्याकडे. सीटी स्कॅन झाला, औषधं सुरू झाली. पुढच्या दोन दिवसांत त्यांच्या कॉटपाशी कोण कोण येतं?

प्राध्यापक : सगळेच येतात. रेसिडेंट, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र, गरज पडली तर समाजसेवा अधीक्षक. इतकी वर्षं हेच चाललं आहे, मॅडम. त्यासाठी कुणाला एका वर्गात बसवावं लागलं नाही.

ट्यूटर : सगळे त्यांच्याकडे येतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मुलगा प्रेमाने वडिलांना चमच्याने चहा पाजतो. त्यांना नीट गिळता येतंय का, हे आधी बघायचं कुणी? रेसिडेंटला वाटतं नर्सने. नर्सला वाटतं स्पीच थेरपिस्टने. आणि थेरपिस्टपर्यंत कुणी रेफरन्सच पाठवलेला नसतो. चहा श्वासनलिकेत उतरतो आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया होतो. या साखळीत अडाणी कुणीच नव्हतं. प्रत्येकाला आपापला विषय येत होता. दुसऱ्याचं काम कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

प्राध्यापक : मग नियम लिहा आणि भिंतीवर लावा. गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय पक्षाघाताच्या रुग्णाला तोंडाने काही द्यायचं नाही. एका कागदाचं काम आहे. त्यासाठी अभ्यासक्रम कशाला हलवायचा?

ट्यूटर : ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटांमध्ये असाच नियम राबवला गेला. पहिल्या तीन दिवसांत ताप, रक्तातली साखर आणि गिळणं या तीन गोष्टींवर काटेकोर लक्ष ठेवायचं, आणि ते काम नर्सेसनी पुढाकार घेऊन करायचं. २०११ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी ५८ टक्के रुग्ण नव्वद दिवसांनी दगावलेले किंवा परावलंबी झालेले होते. नियम राबवलेल्या युनिटांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. पण सर, तिथे नुसता कागद चिकटवला नव्हता. आधी वेगवेगळ्या व्यवसायांची माणसं एकत्र बसवून, आपल्याकडे हे कुठे अडेल याची चर्चा घडवली होती.

प्राध्यापक : तुमचं उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. ती सगळी नोकरी करणारी माणसं होती, विद्यार्थी नव्हते. अनुभवी माणसांना एकत्र बसवा, माझी हरकत नाही. आणि अभ्यासांचंच बोलायचं तर २०१३ चा कॉक्रेन आढावा बघा. एकत्र शिक्षणाचे निकषांत बसणारे अभ्यास सापडले फक्त १५. त्यातल्या सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र, आणि चारांत काहीच फरक नाही. एवढ्या पुराव्यावर मी एखादं औषधसुद्धा लिहिणार नाही.

ट्यूटर : पुरावा तोकडा आहे, हे मला मान्य आहे. पण विद्यार्थ्याला आज शिकवलेल्या गोष्टीचा दहा वर्षांनी रुग्णावर काय परिणाम झाला, हे मोजणं मुळातच अवघड असतं. शवविच्छेदन शिकवल्यामुळे मृत्यू किती घटले, याची चाचणी घेऊन आपण ॲनाटॉमी सुरू केली नाही. शरीराची रचना माहीत नसलेल्या माणसाने सुरी हातात धरू नये, हे आपण मानतो. मग ज्या माणसांच्या हातून उपचार रुग्णापर्यंत पोहोचणार, त्यांच्या कामाची रचना माहीत नसतानाही उपचार लिहून द्यावेत का?

प्राध्यापक : तुलना पूर्ण पटत नाही. ॲनाटॉमीला पर्याय नाही. टीममधलं वागणं मात्र माणूस इंटर्नशिपमध्ये शिकतो. पहिल्या महिन्यात इन्चार्ज सिस्टरच त्याला ताळ्यावर आणतात.

ट्यूटर : इंटर्नशिपमध्ये तो जे बघतो तेच शिकतो. सिनियर रेसिडेंट नर्सवर ओरडताना दिसला तर ओरडणं शिकतो. नर्सेस डॉक्टरांना टाळताना दिसल्या तर तेही त्याला नेहमीचंच वाटू लागतं. वॉर्ड शिकवतो हे खरं, पण चांगलं आणि वाईट यांची निवड वॉर्ड करून देत नाही.

प्राध्यापक : बरं, माझी खरी अडचण ऐका. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला स्वतःचंच शास्त्र आलेलं नसतं. पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी यांच्या ओझ्याखाली तो वाकलेला असतो. तुमच्या मुलींचीही तीच गत. ज्याच्यापाशी अजून काही नाही, तो दुसऱ्याला देणार काय? आधी खोली येऊ द्या, देवाणघेवाण नंतर.

ट्यूटर : खोलीबद्दल आपलं एकमत आहे. पण ज्ञान साचायला वेळ लागतो, ग्रह मात्र लवकर बनतात. पहिल्या वर्षाच्या शेवटीच मुलं बोलायला लागतात, ‘नर्सिंगवाल्यांना काय कळतं’, ‘डॉक्टरांना रुग्णाचं नावसुद्धा माहीत नसतं’. स्वीडनमध्ये लिंकोपिंगला १९८६ साली आरोग्य विज्ञानाची शाखा उभी राहिली, तेव्हा त्यांनी दोन्ही टोकं सांभाळली. सुरुवातीला सगळ्यांची ओळख आणि समान पाया, मग आपापला विषय, आणि शेवटी पुन्हा एकत्र काम. १९९६ साली तिथे विद्यार्थ्यांनी चालवायचा वॉर्ड सुरू झाला. ऑर्थोपेडिक्सचा वॉर्ड, दोन आठवडे, मागे शिक्षक उभे. वैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी मिळून रुग्ण सांभाळतात. तिथे भावी डॉक्टरही रुग्णाला अंघोळ घालतो, कपडे बदलायला मदत करतो.

प्राध्यापक : अंघोळ घालून डॉक्टर काय शिकणार?

ट्यूटर : खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या आजींना कुशीवर वळवायला किती माणसं लागतात, ते शिकतो. वळवताना त्या कुठे कळवळतात आणि वेदनाशामकाची वेळ चुकली की पुढचा सगळा दिवस कसा बिघडतो, ते बघतो. माकडहाडावरची लाली पहिल्यांदा कुणाच्या नजरेला पडते, हेही त्याला कळतं. मग तो ‘दर दोन तासांनी कूस बदला’ असं केसपेपरवर लिहितो, तेव्हा आपण कुणाकडून काय मागतो आहोत याची त्याला जाणीव असते. आणि त्याच वेळी माझी विद्यार्थिनीही बघते, की चार तपासण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नसताना निर्णय घेणं किती जड असतं. डॉक्टर उशिरा आले म्हणून ती आधी वैतागायची. आता उशिरामागे काय असतं ते तिला दिसतं.

प्राध्यापक : हे मनाला भिडणारं आहे. पण शेवटी जबाबदारी कुणाची? ऑपरेशन बिघडलं तर नातेवाईक मला विचारतात, ग्राहक न्यायालय मला बोलावतं. टेबलावर धमनी सुटली की तिथे सभा भरवता येत नाही. सगळे समान म्हणून शिकवाल, तर ऐन वेळी हुकूम कुणी द्यायचा याचाच घोळ होईल.

ट्यूटर : हुकूम तुम्हीच द्यायचा, सर. प्रश्न तो देण्याआधी तुमच्यापर्यंत काय पोहोचतं याचा आहे. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एका ३७ वर्षांच्या महिलेला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली. श्वासमार्ग मोकळा ठेवता येईना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा नळी घालायचा प्रयत्न करत राहिले, आणि वेळ किती गेला याचं भान सुटलं. एका नर्सने श्वासनलिकेला छेद देण्याचा सेट आणून तो तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने अतिदक्षता विभागात बेड राखून ठेवायला फोन केला, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून आपणच अवाजवी घाई करतो आहोत असं वाटून तिने तो बेड परत केला. काय करायला हवं होतं हे खोलीतल्या काहींना कळलं होतं. पण तेवढ्या ठामपणे ते बोलायचं कसं, हे त्यांना कळलं नाही. ती महिला तेरा दिवसांनी गेली. तिचा नवरा विमानाचा पायलट. कॉकपिटमध्ये धोका दिसला की कनिष्ठानेही बोललंच पाहिजे आणि वरिष्ठाने ऐकलंच पाहिजे, याचं रीतसर प्रशिक्षण त्यांच्या व्यवसायात असतं. ते रुग्णालयांत यावं म्हणून पुढे तो झटत राहिला.

प्राध्यापक : हे प्रकरण मी वाचलं आहे. ओटीत अशा क्षणी दृष्टी किती अरुंद होते, हे मी स्वतः जाणतो. पण मग वरिष्ठांना ऐकायला शिकवा.

ट्यूटर : ऐकणारा आणि बोलणारा, दोघांनाही सराव लागतो, आणि तो एकमेकांसमोरच होतो. माझ्या विद्यार्थिनींना मी शिकवते : फोनवर आधी रुग्ण कोण ते सांगा, मग काय दिसतंय, मग तुम्हाला कशाची भीती वाटते आणि शेवटी डॉक्टरांनी काय करावं असं वाटतं. त्या हे एकमेकींसमोर छान म्हणून दाखवतात. पण पलीकडे रात्री दोन वाजता झोपेतून उठलेला रेसिडेंट असेल, तर आवाज बसतो. आणि त्या रेसिडेंटला विद्यार्थिदशेत असा एकही फोन घ्यायला कुणी शिकवलेलं नसतं.

प्राध्यापक : आता तुम्हाला न आवडणारं बोलतो. ही उतरंड वर्गात बसवून मोडत नाही. नीटचा रँक, इंग्रजी, घरची परिस्थिती, फी, बाई-पुरुष, सगळं त्यात आहे. एमबीबीएसचा मुलगा आणि जीएनएमची मुलगी एका टेबलाशी बसवा. तो बोलेल, ती लिहून घेईल. पुढे वॉर्डात जे होणार, ते तुम्ही तीन वर्षं आधीच पक्कं करून द्याल.

ट्यूटर : सर, हा सगळ्यांत खरा आक्षेप आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलं, की दोन गट नुसते जवळ आणल्याने पूर्वग्रह जात नाहीत. त्या प्रसंगात दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि संस्थेचा पाठिंबा उघडपणे दिसायला हवा. म्हणून मी टेबल मागतच नाही. मी रुग्णाची कॉट मागते. तिथे माझी विद्यार्थिनी सकाळपासून उभी असते. लघवी किती झाली, रात्री झोप लागली का, सून काय कुजबुजत होती, हे तिला माहीत असतं. केस आधी तिने मांडायची. बोलणं मराठीत, कारण रुग्णालाही ते ऐकू आलं पाहिजे. शिक्षक दोन्ही बाजूंचे. आणि गुण दोघांना मिळून.

प्राध्यापक : कागदावर छान दिसतं. पण कागदाचं काय होतं ते सांगतो. शस्त्रक्रियेच्या वेळी टीमने एकमेकांशी बोलून तपासायची सुरक्षिततेची यादी आठवा. आठ शहरांत अभ्यास झाला, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले : मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून सातवर. सगळ्या जगाने यादी डोक्यावर घेतली. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने ती आपल्या रुग्णालयांत लागू केली. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचे आकडे आले, तर लक्षात घ्यावी अशी घट नाही. माझ्या मते यादी तीच राहिली, पण तिच्यातलं बोलणं निघून गेलं आणि टिकमार्क उरले. तुमच्या एकत्र शिक्षणाचंही तेच होईल. वर्षातून एक कार्यशाळा, दीपप्रज्वलन, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो.

ट्यूटर : कार्यशाळेला माझाही विरोध आहे. तुम्ही म्हणता ते बोलणं हुकमाने येत नाही आणि एका दुपारीत शिकताही येत नाही. म्हणून तर ते विद्यार्थिदशेत, पुन्हा पुन्हा, खऱ्या कामाच्या निमित्ताने व्हायला हवं. आणि आपल्या मातीत त्याची उदाहरणं आहेत. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं, तेव्हा गावातल्या कमी शिकलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. त्यांनी नवजात बाळं तपासली, जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शनही दिलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, की नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

प्राध्यापक : ती असामान्य माणसं होती. असामान्यांवर अभ्यासक्रम बेतता येत नाही.

ट्यूटर : माणसं असामान्य होती, पण पद्धत शिकता येते. दुसऱ्याला काय करता येईल हे त्याच्या पदवीवरून ठरवायचं नाही, ते शिकवून आणि तपासून बघायचं. आज एमबीबीएसची मुलं कुटुंब दत्तक योजनेत गावातल्या घरांत जातात. त्यांच्यासोबत नर्सिंगची, फार्मसीची, फिजिओथेरपीची मुलं का जाऊ नयेत? समजा एका घरात मधुमेहाची आजी आहे. एमबीबीएसचा मुलगा साखरेचे आकडे बघून इन्सुलिन वाढवायचा विचार करतो. नर्सिंगची मुलगी विचारते, ‘आजी, सुई टोचता कुठे?’ आजी रोज एकाच जागी टोचत असते, तिथे गाठ झालेली असते आणि औषध नीट शोषलंच जात नसतं. फार्मसीचा मुलगा बाटली कुठे ठेवता विचारतो. घरात फ्रिज नाही, म्हणून ती पत्र्याखालच्या फळीवर असते. मातीच्या मडक्यात पाणी घालून, त्यात बाटली कोरड्या डब्यात कशी ठेवायची ते तो दाखवतो. फिजिओथेरपीची मुलगी तळपाय बघते. भेगा पडल्यात, बोटांना बधिरपणा आहे आणि आजी शेतात अनवाणी जाते. आशाताईंना हे घर आधीपासून माहीत असतं, पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच येणार असतात. इन्सुलिनचा डोस न वाढवताही त्या आजीची साखर खाली येऊ शकते. असा एक दिवस ज्याने बघितला, त्याला टीम कशासाठी हवी हे व्याख्यानातून सांगावं लागणार नाही.

प्राध्यापक : आजीचं उदाहरण पटलं. माझ्याकडे मधुमेहाचा पाय सडलेल्या अवस्थेत येतो आणि मला तो कापावा लागतो. तळवा त्याआधी कुणीतरी बघायला हवा होता, हे प्रत्येक वेळी वाटतं. पण व्यवहार सांगा. वैद्यक आयोग वेगळा, नर्सिंगची परिषद वेगळी, फार्मसीची वेगळी, फिजिओथेरपीसारख्या शाखांसाठी २०२१ च्या कायद्याने नवा आयोग. प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं, परीक्षा निराळ्या. हे सगळं जुळवायचं कुणी?

ट्यूटर : सगळं जुळायची वाट बघितली तर कधीच होणार नाही. नवा विषय नको, नवा पेपर नको. जिथे दोघांच्या पोस्टिंग आधीच एका वॉर्डात पडतात, तिथे आठवड्यातून एक सकाळ द्या. २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात भावी डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. त्यातली एक आहे आरोग्य-टीमचा नेता आणि सदस्य. नेता व्हायला तो तुमच्याकडे शिकेल. पण सदस्य कसं व्हायचं, हे टीममधल्या इतर लोकांशिवाय तो कुठे शिकणार?

प्राध्यापक : ठीक आहे, मग माझ्या अटी ऐका. एक, एकत्र व्याख्यान नाही. रुग्णाशिवाय सत्र नाही. दोन, सहा-सात मुलांपेक्षा मोठा गट नको. तीन, सुरुवात शिक्षकांपासून. मी आणि तुम्ही मिळून राऊंड घेऊ, आणि मुलांसमोर आपलं मत पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगू. मुलं आपलं बघूनच शिकतील. चार, दोन वर्षांनी हिशेब. तोंडाने काही देण्याआधी किती रुग्णांची गिळण्याची चाचणी झाली? किती जणांना पाठीवर जखमा झाल्या? घरी जाताना औषध कसं घ्यायचं हे किती नातेवाइकांना नीट सांगता आलं? यातलं काहीच सुधारलं नाही तर बंद करायचं, आवडतंय म्हणून चालू ठेवायचं नाही.

ट्यूटर : चारही मान्य. माझी एक भर. हिशेबाच्या बैठकीत विद्यार्थीही असतील, आणि नर्सिंगच्या मुलींना विचारलं जाईल, की गेल्या दोन वर्षांत एखादी गोष्ट खटकली तेव्हा तुम्ही बोललात का, आणि बोललात तेव्हा पुढे काय झालं.

प्राध्यापक : मान्य. पहिल्या वर्षाच्या मुलांना यात आणायला मात्र माझा अजूनही विरोध आहे.

ट्यूटर : आणि पहिल्या वर्षापासूनच सुरुवात व्हावी हे माझं मत कायम आहे. तिसऱ्या वर्षापासून सुरू करू. आकडे आले की पुन्हा भांडू.

प्राध्यापक : भांडू. माझ्या विद्यार्थ्याला स्वतःचा विषय तळापर्यंत यायलाच हवा, हा माझा हट्ट तेव्हाही सुटलेला नसेल. फक्त त्या विषयात आता एक प्रश्न मी वाढवणार आहे आणि तो व्हायवात विचारणार आहे : या रुग्णासाठी तुला जे करता येत नाही ते कोणाला येतं, आणि तू त्याला काय सांगशील? ज्याला याचं उत्तर देता येणार नाही, त्याला शस्त्रक्रिया पूर्ण आली असं मी धरणार नाही.